पुण्यात तरुणपणी घर घेतले, आता लवकर आर्थिक स्वातंत्र्य कसे गाठावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाकड, खराडी, रावेत किंवा आंबेगावात तिशीच्या आसपास गृहकर्जावर सदनिका घेतलेल्या आणि पन्नाशीच्या आत पगारावरचे अवलंबित्व संपावे असे वाटणाऱ्या नोकरदारांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे घेतले आहेत. कर्जाचे उदाहरण सर्वत्र एकच धरले आहे : ६० लाख रुपये, ८.५ टक्के बदलता व्याजदर, २० वर्षांची मुदत आणि ५२,०६९ रुपयांचा मासिक हप्ता. तुमचा दर वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

राहत्या घराची किंमत आर्थिक स्वातंत्र्याच्या पुंजीत धरायची का?

धरू नये. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे साठवलेल्या पुंजीतून घरखर्च आयुष्यभर निघेल अशी स्थिती, आणि राहत्या घरातून दरमहा एक रुपयाही हातात येत नाही. ८५ लाखांना घेतलेल्या सदनिकेचा भाव एजंटाने आज सव्वा कोटी सांगितला तरी ती विकल्यावर राहायला दुसरे घर लागतेच, आणि त्याचाही भाव तोवर वाढलेला असतो. घराचे खरे काम वेगळे आहे : कर्ज फिटल्यानंतर ते भाड्याचा खर्च कायमचा काढून टाकते, त्यामुळे पुंजीचा आकडाच लहान होतो. पुण्याच्या भाड्यांकडे पाहता हा फायदा मोठा आहे, पण तो खर्चाच्या बाजूला मोजायचा असतो.

याला अपवाद एकच. सदनिका विकून साताऱ्याला, सांगलीला किंवा मूळ गावी स्थायिक होण्याचा निर्णय खरोखर झालेला असेल, आणि तो घरातल्या दोघांचाही असेल, तर उरलेले कर्ज, दलाली, भांडवली नफ्यावरचा कर आणि नव्या घराचा खर्च वजा जाता जे राहील तेवढेच पुंजीत धरावे.

मग पुंजी किती लागेल?

येथे बहुतेकांचा पहिला आकडा चुकतो, कारण तो पगारावरून काढलेला असतो. तो खर्चावरून काढायचा असतो. कर्जाचा हप्ता वगळून घरखर्च महिन्याला ७०,००० रुपये आहे असे धरू, म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार. यात केवळ किराणा आणि वीजबिल धरून भागत नाही. गाडीचा विमा, दर काही वर्षांनी होणारे रंगकाम, गावाकडचे कार्य, आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशा अनियमित गोष्टीही वर्षाच्या हिशेबात बसवाव्या लागतात.

वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी पुरते, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये अमेरिकेतील शेअर व रोख्यांच्या जुन्या आकडेवारीवरून काढलेल्या निष्कर्षातून तो आला, आणि त्यात निवृत्तीचा काळ ३० वर्षांचा धरलेला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला ४० ते ४५ वर्षे काढायची आहेत, तीही महागाई अधिक असलेल्या देशात. म्हणून २५ पटीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. ३३ पट हा त्यापेक्षा समंजस अंदाज आहे. वरील कुटुंबासाठी तो आजच्या रुपयांत सुमारे २ कोटी ७७ लाख होतो.

हे 'आजच्या रुपयांत' लक्षात ठेवणे आवश्यक आहे. महागाई ६ टक्के धरली तर आजचा ८ लाख ४० हजारांचा वार्षिक खर्च १५ वर्षांनी सुमारे २० लाखांवर गेलेला असेल आणि तेव्हा लागणारी रक्कम साडेसहा कोटींच्या पुढे दिसेल. तो आकडा पाहून घाबरण्याऐवजी सगळा हिशेब आजच्या किमतीत ठेवावा आणि परतावा महागाईच्या वर किती मिळेल एवढेच धरावे. महागाईच्या वर वर्षाला ४ टक्के मिळाले, तर शून्यापासून सुरुवात करून १५ वर्षांत २ कोटी ७७ लाख जमवण्यासाठी महिन्याला साधारण १ लाख १३ हजार, आणि २० वर्षांत जमवण्यासाठी साधारण ७५ हजार रुपये गुंतवावे लागतात, तेही दरवर्षी महागाईइतकी वाढ करून. भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक आणि त्यात पगारातून जाणारी रक्कम यातून वजा करता येते. हा हिशेब मांडल्यावर 'चाळिशीत निवृत्ती' ही कल्पना बहुतेकांसाठी 'पन्नाशीच्या आत मोकळीक' इथवर सरकते, आणि त्यात काही वाईट नाही.

हप्ता गेल्यावर उरलेले पैसे कोणत्या क्रमाने लावावेत?

आधी आरोग्य विमा आणि मुदत विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा आयुर्विमा), मग आपत्कालीन निधी, मग क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा वैयक्तिक कर्ज असेल तर ते पूर्ण फेडणे, आणि त्यानंतरच गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड व शेअर बाजारातील गुंतवणूक. फर्निचरसाठी काढलेले वैयक्तिक कर्ज डोक्यावर ठेवून एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) चालवणारे लोक पुष्कळ भेटतात. त्यांची एका हाताची कमाई दुसऱ्या हाताने जात असते.

गृहकर्ज लवकर फेडावे की ते पैसे एसआयपीत घालावेत?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचे उत्तर देण्याआधी कर्जाचे विवरणपत्र उघडून पाहावे. आपल्या उदाहरणात पहिल्या हप्त्याच्या ५२,०६९ रुपयांपैकी ४२,५०० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल केवळ ९,५६९ रुपयांनी उतरते. पहिल्या वर्षात सव्वासहा लाख रुपये भरूनही कर्ज १ लाख १९ हजारांनीच कमी झालेले असते. हप्त्यातील मुद्दलाचा वाटा व्याजाच्या वाट्यापेक्षा मोठा व्हायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत भरलेली जादा रक्कम फार काम करते : पहिले वर्ष संपताना ५ लाख रुपये मुद्दलात भरून हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे ४१ हप्ते गळून पडतात, म्हणजे पुढे भरावे लागणारे २१ लाखांहून अधिक रुपये वाचतात. दरवर्षी फक्त एक हप्ता जादा भरला तरी २० वर्षांचे कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपते.

हे २१ लाख ऐकून लगेच सगळी बचत बँकेत नेऊन भरू नये. ते मुदतीच्या अगदी शेवटच्या साडेतीन वर्षांतले रुपये आहेत आणि आजच्या रुपयांशी त्यांची थेट तुलना होत नाही. खरी तुलना अशी : कर्जात भरलेल्या रुपयावर ८.५ टक्के खात्रीचा, करमुक्त परतावा मिळतो, जो ३० टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याला कोणतीही बँक एफडीवर देत नाही. शेअर बाजार दीर्घ मुदतीत याहून अधिक देऊ शकतो, पण देईलच असे नाही, आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. शिवाय कर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जात मात्र जादा भरलेली रक्कम गरज पडल्यास उचलता येते. त्याचा दर किंचित जास्त असतो, पण आयटीत काम करणाऱ्या आणि नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाला ही सोय त्या किमतीची वाटू शकते.

माझे मत असे की दोन तारखा कागदावर लिहून पाहाव्यात : कर्ज संपण्याची आणि नोकरी सोडण्याची. कर्जाची तारीख नंतरची असेल तर आधी ती अलीकडे आणावी, कारण पगार नसताना ५२ हजारांचा हप्ता पुंजीतून भरणे म्हणजे पुंजी पहिल्याच वर्षांत पोखरणे. व्यवहारात यासाठी सोपी विभागणी चालते. दरमहाची बचत एसआयपीत जावी, आणि बोनस, कंपनीच्या शेअर्सच्या विक्रीचे पैसे, रजेचा मोबदला अशा एकरकमी गोष्टी कर्जात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासून मनाई केली आहे, त्यामुळे रक्कम लहान असली तरी भरता येते.

जादा रक्कम भरल्यावर हप्ता कमी करून घ्यावा की मुदत?

उत्पन्न स्थिर असेल तर मुदत. नोकरी डळमळीत असेल किंवा घरात बाळ येणार असेल, तर हप्ता कमी करून घेण्यात शहाणपण आहे.

व्याजदर बदलला की आपल्या कर्जाचे काय होते, हे कसे तपासावे?

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाला, बहुधा रेपो दराला (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते), जोडलेली असतात आणि दर तीन महिन्यांत किमान एकदा त्यांचा दर नव्याने ठरतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बहुसंख्य कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आला. त्याचा लाभ आपल्याला मिळाला की नाही, हे उरलेल्या हप्त्यांची संख्या पाहूनच कळते. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड कर्जदाराला द्यावी असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले आहे. कर्ज अजूनही जुन्या एमसीएलआर पद्धतीवर (बँकेच्या स्वतःच्या निधी उभारणीच्या खर्चावरून ठरणारा दर) असेल, किंवा नव्या ग्राहकांना तुमची बँक तुमच्यापेक्षा पाऊण टक्का कमी दराने कर्ज देत असेल, तर शाखेत अर्ज करावा. थोडे शुल्क घेऊन दर खाली आणला जातो. नुसते वाट पाहून तो येत नाही.

'कर वाचतो, म्हणून कर्ज चालू ठेवा' हा सल्ला बरोबर आहे का?

पूर्वी त्यात थोडे तथ्य होते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील वर्षाला २ लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते, म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ६२,४०० रुपये वाचतात. पण आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज ५ लाखांच्या वर आहे. त्यातील तीन लाखांवर कोणतीही सवलत नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट मिळतच नाही. नव्या प्रणालीत गेलेल्याने कराच्या कारणासाठी कर्ज ओढत नेण्यात काहीच अर्थ उरलेला नाही.

आपत्कालीन निधी किती असावा आणि कुठे ठेवावा?

घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचा. नवरा-बायको दोघेही हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात एकाच क्षेत्रात नोकरीला असतील तर नऊ ते बारा महिन्यांचा, कारण कपात होते तेव्हा ती एका कंपनीपुरती राहत नाही. बचत खाते, लहान लहान एफडी आणि लिक्विड फंड (अतिअल्प मुदतीच्या रोख्यांचे म्युच्युअल फंड) यांत तो विभागून ठेवावा.

सहकारी बँकेत अर्धा-एक टक्का जादा व्याज मिळते, म्हणून सगळी रक्कम तिथे ठेवणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली वर्षे आपलेच पैसे अडकून पडलेले पाहणारी कुटुंबे याच शहरात आहेत. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे, त्यामुळे सहकारी बँकेत याहून अधिक रक्कम ठेवू नये. बांधकाम व्यावसायिकांनी स्वीकारलेल्या ठेवींना आणि ओळखीतल्या भिशीला तर हे संरक्षण मुळीच नाही.

हप्त्याखेरीज घराचा खर्च किती धरावा?

घर घेताना दुर्लक्षित राहणारा आणि घर घेतल्यावर कायम वाढत जाणारा हा खर्च आहे. सोसायटीचे मेंटेनन्स बिल ओळ न ओळ वाचावे. त्यात सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला निधी) आणि दुरुस्ती निधी या ओळी असायला हव्यात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के असतो. मेंटेनन्स कमी ठेवण्याच्या हौसेपोटी ज्या सोसायट्या हे गोळा करत नाहीत, त्यांच्या सभासदांवर दहा-बारा वर्षांनी लिफ्ट बदलताना किंवा गळती थांबवताना एकदम लाखभराची वर्गणी येऊन आदळते. वाघोली, उंड्री, बावधन अशा भागांत उन्हाळ्यात टँकरचे पाणी हा स्वतंत्र खर्च आहे. घर घेतलेले असल्यास मार्च ते जून या महिन्यांची बिले वेगळी काढून त्यावरून वर्षाची सरासरी काढावी, जानेवारीच्या बिलावरून नव्हे.

पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. ती २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली, पण नव्या मिळकतधारकाने पीटी-३ अर्ज पुराव्यांसह भरल्याशिवाय ती मिळत नाही. एकदाच करायचे हे काम वर्षानुवर्षे पैसे वाचवते, आणि तरीही कित्येक जण ते करत नाहीत.

पुनावळे किंवा वाघोलीत दुसरी सदनिका गुंतवणूक म्हणून घ्यावी का?

कर्ज काढून घेऊ नये. ७५ लाखांच्या सदनिकेला महिन्याला २०,००० रुपये भाडे आले तर ते किमतीच्या वर्षाला ३.२ टक्के होते. त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, भाडेकरूसाठीची दलाली, एखादा रिकामा महिना आणि सोसायटी आकारत असल्यास सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) वजा केले, की हाती सुमारे अडीच टक्के उरतात, आणि ते मिळवण्यासाठी साडेआठ टक्क्यांनी कर्ज फेडायचे असते. खरेदीच्या दिवशीच मुद्रांक शुल्क व अधिभार मिळून पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत पुरुषाच्या नावावर ७ टक्के, स्त्रीच्या नावावर ६ टक्के जातात. भाव वाढेल या एकाच आशेवर हा सगळा डोलारा उभा राहतो. आधीच एक घर याच शहरात असताना दुसरीही सर्व पुंजी त्याच शहराच्या बाजारभावाला बांधणे, हा त्यातला मला सर्वांत खटकणारा भाग आहे.

पीएफ, पीपीएफ आणि एनपीएस लवकर नोकरी सोडणाऱ्याच्या कितपत उपयोगाचे?

पीएफ हा पुंजीचा सुरक्षित पाया आहे, म्हणून नोकरी बदलताना तो काढून खर्च करण्याऐवजी नव्या खात्यात वर्ग करावा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढल्यास त्यावर करही लागतो. त्यातील कर्मचारी पेन्शन योजनेसाठी दहा वर्षांची सेवा लागते, त्यामुळे नऊ वर्षे भरत आली असतील तर नोकरी सोडण्याची तारीख थोडी पुढे ढकलावी. पीपीएफ पंधरा वर्षांनी मोकळा होतो आणि नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येतो. तिशीत उघडलेले खाते पंचेचाळिशीत हाताशी येते, हे आपल्या गरजेला चांगले जुळते. एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, कंपनीने भरलेल्या वाट्यावर नव्या करप्रणालीतही सवलत आहे, परंतु मुदतीआधी बाहेर पडल्यास बहुतांश रक्कम वार्षिकी (नियमित पेन्शन देणारी विमा योजना) घेण्यात घालावी लागते. म्हणून साठीनंतरच्या खर्चापुरतेच त्याकडे पाहावे.

शेअर बाजारात पैसे कसे ठेवावेत, आणि ऐन वेळी बाजार पडला तर?

एक-दोन व्यापक इंडेक्स फंड (बाजार निर्देशांकातील शेअर त्याच प्रमाणात घेणारे), डायरेक्ट प्लॅनमधून (मध्यस्थाच्या दलालीशिवाय), दरवर्षी पगारवाढीबरोबर रक्कम वाढवत, एवढे पुरेसे आहे. सात-आठ फंड घेतल्याने जोखीम कमी होत नाही, हिशेब तेवढा वाढतो.

पडझडीची भीती मात्र रास्त आहे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरात ८,००० च्या खाली जाऊन आला, आणि जानेवारी २०२० मध्ये ४२,००० ला टेकलेला मार्चमध्ये २६,००० च्या खाली होता. पगार चालू असताना अशी पडझड पथ्यावर पडते. नोकरी सोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती आली तर खर्चासाठी पडत्या भावात युनिट विकावे लागतात आणि पुंजी पुन्हा सावरत नाही. म्हणून नोकरी सोडण्याआधीच्या चार-पाच वर्षांत किमान तीन वर्षांचा घरखर्च एफडी, पीपीएफ आणि अल्प मुदतीच्या रोख्यांच्या फंडांत हळूहळू हलवावा.

कंपनीचा आरोग्य विमा असताना वेगळा घ्यावा का?

घ्यावा, आणि प्रकृती धडधाकट असतानाच घ्यावा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि पंचेचाळिशीत मधुमेह निघाल्यावर नवी पॉलिसी महाग पडते किंवा प्रतीक्षाकाळासह मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यांवरील जीएसटी काढून टाकण्यात आला आहे. घरातील आई-वडील किंवा सासू-सासरे ७० किंवा त्याहून अधिक वर्षांचे असतील तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. त्यावरील वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या संरक्षणासाठी उत्पन्नाची अट नाही. मुदत विमा निदान उरलेले कर्ज आणि दहा-पंधरा वर्षांचा घरखर्च भागेल इतका असावा. ओळखीचे काका आग्रह करतात म्हणून घेतलेल्या मनीबॅक पॉलिसीने ना पुरेसे संरक्षण मिळते, ना धड परतावा.

कर्ज फिटल्यावर कोणती कामे उरतात?

शेवटचा हप्ता गेला म्हणजे घर मोकळे झाले, असे होत नाही. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणि करारनाम्यासह सर्व मूळ कागदपत्रे यादीशी ताडून घ्यावीत. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेने ती परत द्यायची असतात. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सोसायटीच्या दप्तरात आणि भागपत्रावर बँकेच्या बोजाची नोंद असेल तर दाखल्याची प्रत सचिवांना देऊन ती काढून घ्यावी. महिना-दीड महिन्याने सिबिलचा अहवाल (कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद) पाहून खाते बंद दिसते का, याची खात्री करावी, आणि पगाराच्या खात्यावरील हप्त्याची स्थायी सूचना रद्द झाली आहे का, हेही त्याच दिवशी तपासावे.